मामानं न ओढलेली सिगार

चंचलबाईचं नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा सुरतेच्या उधन्याला आणून ती दाखवायला पाहिजे. नाव चंचल, आणि बाई कशी? तर जात्याची खालची तळी. बसली की बसली. एकदा बोलली की शब्द मागे घेणं नाही. तोंड मात्र नावाला शोभेल असं. अमळनेरकडची मुलगी, लग्न करून लोटूच्या मागे सुरतेला आली तेव्हा तिला गुजरातीतला ‘ग’ येत नव्हता. पुढे भाजीवालीशी अशी भांडायला लागली की भाजीवालीच हात जोडायची, "लई जा बेन, मफत लई जा, पण जा!"

नवरा तिच्या उलटा. लोटू लूमच्या कारखान्यात. दिवसभर खटखट ऐकून घरी आला तरी मोठ्यानं बोलायचा, पण बोलायचा चारच शब्द. त्याला शौक म्हणाल तर दोन. उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी आणि विडी. कारखान्यात विडीला बंदी. हवेत धाग्याची रुई उडत असते, एक ठिणगी पुरते. म्हणून सगळे कामगार मागच्या भिंतीपाशी जाऊन ओढायचे, आणि त्या भिंतीवर लोटूच्या पाठीचा तेलकट डाग पडला होता म्हणतात. खोटं असेल, पण चंचलबाईनं स्वतः जाऊन बघितला होता.

मग लोटूला खोकला लागला. साधासुधा नाही, रूमच्या पत्र्यावरची कबुतरं उडतील असला. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हटलं, "विडी बंद. नाहीतर माझ्याकडे येणं बंद." लोटूनं मान हलवली. मान हलवायला त्याचं काय जातं? बैलही हलवतो.

तेव्हा चंचलबाई गेली मामाकडे.

मामा म्हणजे खाडीच्या काठावरचं थानक. चिंचेखाली एक शेंदूर न लावलेला दगड, वर पत्रा, बस्स. कोण म्हणे रेल्वेचा खलाशी होता, कोण म्हणे वाटसरू होता, तहानेनं मेला आणि मरताना पाणी नाही, विडी मागितली. खरं काय ते मामालाच ठाऊक. पण उधन्यातली निम्मी बायामाणसं रविवारी तिथं. ह्या देवाला नारळ नको, पेढा नको. विडी नाहीतर सिगारेट पेटवून दगडापुढच्या मातीत खोचायची. शेवटपर्यंत जळली की मामानं ओढली, नवस पावला. विडी मेली मध्येच विझते, म्हणून तिच्या बुडाशी जळती अगरबत्ती टेकवायची सोयही करून ठेवलेली. देव असला तरी माणसानं थोडी मदत करावी लागते.

चंचलबाई हात जोडून म्हणाली, "मामा, माझ्या माणसाची विडी सोडव." आता तुम्हीच सांगा, विडीच्या देवाकडे विडी सोडवायला जाणारी बाई दुसरी कोण असेल? पण ते असू द्या. खरा घोटाळा पुढे झाला. शेजारची प्रमिलाबाई शेजारीच उभी होती. तिनं पोराच्या नोकरीसाठी फिल्टरचं अख्खं पाकीट वाहिलं होतं आणि ते पाकीट महिनाभर गल्लीत मिरवलं होतं. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात चंचलबाई म्हणाली, "सुटली, तर मी तुला सिगार देईन मामा. जाडजूड. शेठलोक ओढतात ती."

प्रमिलाबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. चंचलबाईला तिथंच अर्धा नवस पावल्यासारखं वाटलं.

सिगार तिनं पाहिली होती म्हणून बोलली. घोडदोड रोडवर एका हिऱ्याच्या शेठकडे ती धुणं-भांडी-फरशी करायची. शेठकडे बेल्जियमचे पाहुणे यायचे आणि लाकडी पेटी देऊन जायचे. पेटीत सिगारी अशा झोपवलेल्या, जशी बाळंतिणीच्या वॉर्डात पोरं. प्रत्येकीला सोनेरी कागदाचा पट्टा. शेठ रात्री जेवून गॅलरीत एक ओढायचा, आणि सकाळी चंचलबाई पितळी वाटीतली राख फेकायची. ती राखसुद्धा आपल्या चुलीतल्या राखेसारखी नाही. गोल, उभी, अख्खी. पेटी पुसताना झाकण उघडलं की वास यायचा गुळाच्या काकवीचा आणि ओल्या लाकडाचा. लोटूच्या विडीचा वास धोतराला लागला तर धुऊन जायचा नाही, आणि हा वास मात्र हाताला राहावा असं वाटायचं. धूर तो धूरच की. पण गरिबाच्या घरी खोकला म्हणायचा, शेठच्या घरी शौक.

इकडे लोटूनं विडी सोडली. म्हणजे तसं दिसायला लागलं. खिशात काडेपेटी नाही, तोंडाला बडीशेपेचा वास. खोकलाही उतरला. चंचलबाई गल्लीभर सांगत सुटली. आता नवस फेडायचा.

मागितली असती तर शेठाणीनं दिली असती. शेठाणी हात आखडणारी बाई नव्हतीच. दिवाळीला साडी द्यायची ती स्वतः नेसेल अशी. पण मागायचं काय तोंडानं? "भाभी, सिगार द्या," असं बाईमाणसानं म्हणायचं? मग कशाला, कोणासाठी, कुठला मामा, दगड सिगार ओढतो का, हे सगळं आलं. शेठाणी हसली असती. चंचलबाईला कोणाला हसायला आवडायचं, कोणी हसलेलं नाही.

शेठाणी न्हाणीत होती. चंचलबाईनं पेटी पुसली, झाकण उघडलं, एक सिगार उचलली आणि कमरेला साडीच्या निऱ्यांत खोचली. बाकीच्या जरा सरकवून जागा भरून काढली. मनात म्हणाली, आपल्या तोंडात थोडीच जाणार आहे? देवाचं काम आहे. मोडेल म्हणून मग वाकता येईना. फरशी पुसायला बसली ती लाकडी बाहुलीसारखी. शेठाणीनं पाहिलं आणि तिला कळवळा आला.

"कमर दुखे छे, चंचलबेन? रेवा दो. आज घरे जाव." आणि वर बामची बाटली हातात दिली.

चंचलबाई एका हातात बाम, कमरेला सिगार अशी शटल रिक्षात बसून घरी आली. वाटेत कोणी विचारलं असतं तर रडली असती.

रविवारी थानकावर गर्दी. लोटूला तिनं पांढरा सदरा घालून पुढे उभा केला. बाबुराव भगत म्हणजे मामाचा पुजारी, गिरणीतून निवृत्त झालेला माणूस. त्यानं सिगार हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हे काय, खुंटी आणली का बाई?"

"सिगार आहे, भगतबुवा. परदेशी."

प्रमिलाबाईनं मान लांब केली. "अगं बाई! पिच्चरमधला व्हिलन ओढतो ती? आता मामा काळा कोट घालून बाहेर येणार! कुठून आणलीस गं?"

"शेठकडची आहे."

"शेठनं दिली?"

"शेठकडचीच आहे, म्हटलं ना."

खोटं बोलली नाही हं. फक्त खरं अर्ध्यावर ठेवलं.

बाबुरावानं सिगार तोंडात धरली, काडी लावली आणि ओढली. गाल आत गेले. आणखी ओढली. डोळे बाहेर आले. धूर काही येईना. पुढचं पान काळं पडलं, जरा लाल झालं, विझलं. लोक हसले. दुसरी काडी. मग एका दांडगट पोऱ्यानं "द्या इकडे" म्हणून ओढून पाहिली, त्याचे कान लाल झाले, सिगार गार. मातीत खोचून अगरबत्ती टेकवली. एक नाही, अख्खा पुडा. अगरबत्त्या जळून गेल्या, सिगार तशीच, थोबाड काळं करून उभी.

हसणं हळूहळू थांबलं. बाबुराव मागे सरकला, घाम पुसून म्हणाला, "मामा ओढत नाही. असं आजवर झालं नाही. नवसात खोट आहे."

चंचलबाईच्या मनात आलं, मामाला कळलं. कोणाला कळलं नाही ते दगडाला कळलं. आता तो बोलेल, आता सगळ्यांपुढे माझं नाव घेईल. तिच्या कमरेपाशी, जिथं सिगार खोचली होती तिथं, तापल्या सळईसारखं झालं. तोंड उघडून सांगून टाकावं असं वाटलं, आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"मन्ही खोट शे."

लोटू. कारखान्यातल्यासारखा मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू गेलं. पांढऱ्या सदऱ्यात उभा, मान खाली.

"मी सोडली नही विडी. कारखान्याच्या संडासामागं जाऊन ओढतो. ही बाई भोळी, तिला माहीत नव्हतं. मामा, मला काय करायचं ते कर."

आता बघा हं, इथं चंचलबाईनं काय करावं? निदान गप्प राहावं. पण नाही. तिनं कपाळावर हात मारला आणि गळा काढला, "अरे देवा! माझ्या नवसाला बट्टा लावला रे ह्या माणसानं! काय तोंड दाखवू मी मामाला!" बाया धावल्या, तिला धरलं, पाणी पाजलं. प्रमिलाबाईनं पदरानं वारा घातला आणि लोटूकडे असं पाहिलं जसं कढीत पडलेल्या झुरळाकडे बघतात. रडता रडता चंचलबाईच्या मनात एकच गोष्ट होती. वाचले.

घरी आल्यावर ते वाचणं काही पचेना.

लोटूनं विडी सोडली. ह्या वेळी खरोखर. खिशातलं बंडल तिच्यासमोर मोरीत भिजवून टाकलं. कारखान्यातले कामगार त्याला बघून जोरजोरात सिगार ओढल्यासारखे गाल आत घ्यायचे. गल्लीतली पोरं मागून ओरडायची, "मामानं थुंकलं!" तो टपरीवर चहाला जाईना, भिंतीपाशी जाईना, जेवायच्या सुट्टीत आपल्या लूमजवळच डबा उघडायचा. खटखट चालू असताना. घरी आला की चंचलबाईच्या हातातली बादली घ्यायचा.

"ठेव वं. मी भरतो."

"अहो, राहू द्या."

"तू देवासारखी बाई, आणि मी तुला चाळीत खाली पाहायला लावलं."

घ्या. पाठीत रट्टा घातला असता तर बरं. चंचलबाई भाकरी थापायला बसली की थापतच राहायची. तव्यावरची जळायची. जिचं तोंड नळावरच्या रांगेत सगळ्यांच्या वर, ती आता हंडा भरून मुकाट निघायला लागली. बायांना वाटायचं, नवऱ्याच्या लाजेनं गप्प झाली बिचारी. आणखी कोणी ‘बिचारी’ म्हटलं की तिला हंडा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटायचा. नाहीतर स्वतःच्या.

सिगार बाबुरावानं परत दिली होती. मामानं नाकारलेली वस्तू, टाकवेनाही. तिनं ती फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. एक दिवस तिला वाटलं, जिथून आणली तिथं नेऊन ठेवावी. म्हणजे चोरीच राहिली नाही. काळं पडलेलं टोक आतल्या बाजूला करून ठेवली तर कोणाला दिसतंय? बघा, लाज एवढी वाटत होती, तरी डोकं अजून लपवायचंच शोधत होतं.

तर घोडदोड रोडला गेली. पेटी उघडली, सिगार आत ठेवायला गेली, आणि दारात शेठ. चष्मा विसरला म्हणून परत आलेला.

त्यानं सिगार पाहिली, तिच्याकडे पाहिलं. चंचलबाईला काहीतरी रचून सांगता आलं असतं, तोंड कुठं कमी होतं? पण तोंड उघडलं आणि सगळं बाहेर पडलं. मराठी, गुजराती, हिंदी, सगळं एकत्र. मामा, नवस, प्रमिलाबाईचं पाकीट, निऱ्या, बाम. शेठाणीही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. शेवटी चंचलबाई म्हणाली, "मामानं नाही ओढली, शेठ. चोरीची होती ना."

शेठनं सिगार हातात घेऊन तिचं बंद टोक पाहिलं. आणि असा हसायला लागला की त्याला सोफ्यावर बसावं लागलं.

"अरे चंचलबेन! आनुं मोढुं तो कापवुं पडे!"

त्यानं खणातून छोटा अडकित्त्यासारखा चिमटा काढला, खटकन टोक उडवलं. सिगारीचं तोंड बंदच असतं, कापल्याशिवाय हवा जात नाही, त्यानं समजावून सांगितलं. मग सिगार स्वतःच्या तोंडात धरून काडी लावली. आणि धूर आला. जाडच्या जाड, निळा, गॅलरीपर्यंत. मामाची सिगार शेठ ओढत होता आणि चंचलबाई बघत होती. चोरी मामाला कळलीच नव्हती. रुसलाही नव्हता. दगड बिचारा तयार बसला होता, ह्यांनाच देता आलं नाही.

शेठ हसत होता. शेठाणी हसली नाही.

"मागी होत तो आपी देत ने," एवढंच म्हणाली. मागितली असतीस तर दिली असती. आणि आत निघून गेली.

कामावरून काढलं नाही. पगार कापला नाही. पण दुसऱ्या दिवशी पेटी ठेवायच्या काचेच्या शोकेसला छोटं पितळी कुलूप होतं. शेठाणीनं कुलपाबद्दल शब्द काढला नाही, चंचलबाईनं काच बाहेरूनच पुसली. रोज पुसायची. कुलपाजवळ आली की हात जरा भरभर चालायचा.

शेठनं पकडलं त्याच संध्याकाळी लोटू जेवायला बसला तेव्हा तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"काय व्हयनं वं?"

"अहो, ती सिगार चोरीची होती. मी शेठच्या पेटीतून काढली होती."

लोटूचा घास हातातच राहिला.

"आणि मामा तुमच्यावर रुसला नव्हता. माझ्यावरही नाही. तिचं टोक कापायचं असतं, ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणून पेटली नाही. एवढंच."

तिला भीती वाटत होती की आता हा उठून टपरीवर विडी घ्यायला जाईल. सगळा नवस पाण्यात. पण लोटूचं डोकं तिकडे गेलंच नाही. तो भाकरीकडे बघत पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"तू कपाळ बडवत होती. तवा तुला माहीत व्हतं, का तू चोरली म्हणून?"

"हो."

"आन मी उभा होतो."

"हो."

लोटूनं ताट सरकवलं, हात धुतला, बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याच्या हातात विडी नव्हती. हात नुसतेच गुडघ्यांवर होते. चंचलबाईनं दारातून दोनदा पाहिलं. असती विडी तर बरं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

रविवारी ती एकटीच थानकावर गेली. तीच गर्दी, तोच बाबुराव, प्रमिलाबाई पुढेच. चंचलबाईनं चपला काढल्या आणि दगडापुढे न जाता लोकांकडे तोंड करून उभी राहिली. कोणाला वाटलं आता हिच्या अंगात येणार. दोघींनी पोरं मागे ओढली.

"ऐका. त्या दिवशी खोट माझ्या माणसाची नव्हती. सिगार मी चोरली होती. शेठच्या घरून. तो बोलला आणि मी ऐकत राहिले. वर रडले. ते रडणं खोटं होतं. त्याला आता कोणी काही बोलायचं नाही. बोलायचं तर मला बोला."

प्रमिलाबाईचा हात तोंडावर गेला. तिनं त्या दिवशी पदरानं वारा घातला होता, तो पदर तिनं आवरून अंगाभोवती घेतला. चंचलबाईला तिचा एखादा टोमणा हवा होता. कसलाही. आला नाही. चिंचेवरचा कावळा तेवढा बोलला.

शेवटी बाबुराव घसा खाकरून म्हणाला, "पण मग पेटली का नाही?"

"टोक कापायचं असतं बुवा. मागचं."

"असं का? कशानं कापायचं? विळ्यानं चालेल?"

आणि बघता बघता सगळे सिगारीचंच बोलायला लागले. किती कापायचं, दातानं तोडली तर काय होतं, तो दांडगट पोऱ्या म्हणाला मला तेव्हाच संशय आला होता. चंचलबाई मध्ये उभी, चपला हातात. चोरी कबूल करायला केवढं बळ एकवटलं होतं, आणि ती चोरी जणू बाजूला ठेवलेली पिशवी. फक्त निघताना तिच्या लक्षात आलं, तिला जायला सगळ्यांनी वाट करून दिली. गर्दीत जागा नव्हती तरी दिली. जरा जास्तच रुंद.

रस्त्यावर लोटू सायकल धरून उभा. किती वेळ आला होता कोण जाणे.

"ऐकलं तुम्ही?"

"ऐकलं. एवढ्या लोकांत कशाला सांगितलं? मला सांगितलं तेवढं पुरे होतं." त्याचा आवाज कारखान्यातला. "आतापर्यंत माझी एकट्याची अब्रू गेली व्हती. आता घराची गेली."

चंचलबाईनं चपला पायात घातल्या. घालता घालता, खाली बघूनच म्हणाली, "घराची जाऊ द्या. तुमची एकट्याची कशाला?"

लोटू हसला नाही. सायकल वळवली, एक पाय पायडलवर ठेवला, आणि मागच्या कॅरिअरवर ती बसेपर्यंत दुसरा पाय जमिनीवरच टेकवून राहिला.